राखीव प्रत आहे; पण उघडते का?

शाळेच्या कार्यालयातील सर्वांत मौल्यवान वस्तू कोणती, असे विचारले तर बरेच जण संगणकाकडे बोट दाखवतील. अनुभवी लेखनिक मात्र कपाटातील जनरल रजिस्टर दाखवतो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा गावोगावची जुनी शाळा-रजिस्टरे बाहेर निघाली. त्यांतील बऱ्याच नोंदी मोडी लिपीत होत्या, कागद पिवळे पडले होते, तरी त्या वाचता आल्या. कोणा गुरुजींनी फार पूर्वी केलेली एक ओळ आज एखाद्या कुटुंबाच्या उपयोगी पडली.

आता हीच नोंद आपण संगणकात करतो. निकालपत्रके, शाळा सोडल्याचे दाखले, जमाखर्च, पगाराचे तक्ते, सहलींची छायाचित्रे असे सारे एका हार्ड डिस्कवर असते. यातली काही माहिती शासनाच्या ऑनलाइन प्रणालींत जाते, पण शाळेची स्वतःची कागदपत्रे शाळेच्याच संगणकात राहतात. हार्ड डिस्क शंभर वर्षे टिकण्यासाठी बनवलेली नसते. म्हणून तिची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, घेतात. हे काम रोज आठवणीने करणे अवघड असल्यामुळे ते आज्ञावलीवर सोपवले जाते. ठरलेल्या वेळी ती आपोआप चालते आणि प्रत करून ठेवते. अडचण नेमकी ‘आपोआप’ या शब्दात आहे. आपोआप चालणारी गोष्ट आपोआप बंदही पडते, आणि बंद पडल्यावर आवाज करत नाही.

शांतता म्हणजे ‘सर्व ठीक’ नव्हे

दौंड हे मोठे जंक्शन. पुणे-सोलापूर मार्गाला येथे मनमाडकडून आणि बारामतीकडून येणारे मार्ग मिळतात. अशा मार्गांवरील एखाद्या छोट्या स्थानकावरून न थांबता जाणारी गाडी पाहिली असेल, तर फलाटावर हिरवे निशाण धरून उभा असलेला कर्मचारीही पाहिला असेल. गाडीतूनही त्याला तशीच खूण केली जाते. बिघाड झाला तरच कळवायचे, असे रेल्वेने ठरवले नाही. सर्व ठीक असेल तरीही तसे दाखवायचे, असा नियम केला. निशाण दिसले नाही, तर तेवढ्यानेच शंका घ्यायला जागा होते.

बॅकअपलाही असेच निशाण हवे. ‘काही तक्रार आली नाही, म्हणजे चालू असेल’ हे अनुमान चुकीचे आहे. तेव्हा बिघाड शोधताना चार प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न : आज्ञावली सुरू झाली का?

शिरूर किंवा दौंड तालुक्यातील एखाद्या शाळेचे कार्यालय डोळ्यांसमोर आणा. बसवणाऱ्याने बॅकअपची वेळ रात्री दोनची ठेवली, कारण तेव्हा संगणकावर कोणी काम करत नाही. पण पाच वाजता शिपाई मेन स्विच बंद करून कुलूप लावतो. रात्री दोन वाजता संगणक बंदच असतो. वेळ येते आणि निघून जाते. उपाय साधा आहे: वेळ मधल्या सुट्टीची ठेवावी, किंवा ‘चुकलेले काम संगणक सुरू होताच करावे’ हा पर्याय निवडावा. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये तो असतो. लॅपटॉप असेल तर आणखी एक खूण पाहावी. ‘वीजपुरवठ्यावर असतानाच चालवा’ ही अट सहसा आधीच निवडलेली असते. वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर चालत असला, की काम सुरूच होत नाही.

दुसरे कारण संगणकाच्या घड्याळात सापडते. संगणक बंद असतानाही त्याचे घड्याळ मदरबोर्डवरील एका चपट्या सेलवर चालते. त्यावर बहुधा ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले असते: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. हा सेल संपला की मेन स्विच बंद होताच घड्याळ विसरते आणि सकाळी कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवते. मग वेळापत्रक बिघडते. शिवाय ‘कालच्यापेक्षा नवी’ फाइल ओळखून तेवढीच उचलणाऱ्या आज्ञावलीला आजची फाइल जुनी वाटू शकते. बॅकअप बंद पडल्याची तक्रार आली, तर आधी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. पुष्कळदा दोष एका स्वस्त सेलचा निघतो.

तिसरे कारण पासवर्ड. आज्ञावली ज्याच्या नावाने चालते त्याचा पासवर्ड बदलला आणि तो तिला सांगितला नाही, तर ती दारातच अडते.

दुसरा प्रश्न : प्रत गेली कोठे?

बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह जोडला की विंडोज त्याला ‘ई’, ‘एफ’ असे अक्षर देते. आज्ञावलीला ‘ई’वर प्रत ठेवायला सांगितलेले असते. कोणी मध्येच दुसरा पेनड्राइव्ह जोडला, की आपली डिस्क ‘एफ’ होते आणि प्रत भलतीकडे जाते किंवा कोठेच जात नाही. डिस्क व्यवस्थापनात जाऊन बॅकअपच्या डिस्कला वर्णमालेतील शेवटचे एखादे अक्षर कायमचे द्यावे.

डिस्क भरणे हे कारण सर्वांना ठाऊक असते. पण जागा शिल्लक असतानाही ‘जागा नाही’ असा संदेश आला, तर गणिताच्या शिक्षकांना आवडेल असे कारण असू शकते. पुष्कळ पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ या जुन्या पद्धतीने आखलेले असतात. या पद्धतीत फाइलचा आकार लिहायला ३२ द्विमान अंकांची जागा असते. ३२ जागांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २ च्या ३२ व्या घातापेक्षा एकने कमी, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५. तेवढ्या बाइटांपेक्षा, म्हणजे सुमारे ४ जीबीपेक्षा, मोठी एकच फाइल तेथे ठेवता येत नाही. बॅकअपची एकसंध फाइल वाढत वाढत या मर्यादेला टेकते आणि एके दिवशी काम थांबते. डिस्क ‘एनटीएफएस’ किंवा ‘एक्सफॅट’ पद्धतीने नव्याने आखली की अडचण सुटते. मात्र आखताना आतील सारे पुसले जाते, हे विसरू नये.

तिसरा प्रश्न : प्रतीत काय काय आले?

आज्ञावली सांगितलेलाच फोल्डर उचलते. ‘डॉक्युमेंट्स’ची प्रत रोज होत असेल, पण लेखनिक दाखले डेस्कटॉपवर ठेवत असेल, तर नेमके हवे तेच वगळले जाते. उघडी असलेली फाइलही काही वेळा वगळली जाते. हिशेबाची आज्ञावली दिवसभर चालू असेल तर तिची फाइल प्रतीत आली की नाही, हे मुद्दाम पाहावे.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीचा, आणि काही कार्यालयांत नंतरचाही, मराठी मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या आज्ञावल्यांच्या खास फाँटमध्ये टंकलेला आहे. अशी फाइल नव्या संगणकावर उघडली आणि तेथे तो फाँट नसला, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. प्रत बिनचूक असते, पण वाचता येत नाही. मोडी न येणाऱ्यासमोर मोडी कागद ठेवावा तसे होते. म्हणून फाँटही बॅकअपमध्ये ठेवावेत आणि महत्त्वाच्या जुन्या फाइली सवडीने युनिकोडमध्ये आणाव्यात.

चौथा प्रश्न : परत मिळते का?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका हाच विचारायचा राहून जातो. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या संगणक-कंपनीत एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० जीबी माहिती काही क्षणांत गेली. कंपनीकडे प्रती राखण्याच्या एकदोन नव्हे, पाच पद्धती होत्या. पण कोणतीही भरवशाची निघाली नाही. एका पद्धतीत आज्ञावलीची आवृत्ती जुळत नसल्याने प्रत तयारच होत नव्हती. तसे कळवणारी ई-पत्रे निघत होती, पण ती नाकारली जात होती. अखेर दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेली एक प्रत उपयोगी पडली. मधल्या सहा तासांची नोंद मात्र कायमची गेली.

यावरून घ्यायचा धडा असा: प्रत परत उतरवून पाहिल्याशिवाय ती आहे असे मानू नये. महिन्यातून एकदा कोणतीही तीन कागदपत्रे निवडावी, शक्यतो दुसऱ्या संगणकावर उतरवावी, उघडावी, वाचावी आणि वहीत तारीख टाकून सही करावी. ही सही म्हणजे आपले हिरवे निशाण.

प्रत कशी घेतली जाते यावरही बरेच अवलंबून असते. समजा, एकूण माहिती २० जीबी आहे आणि रोज १०० एमबी बदल होतो. रोज संपूर्ण प्रत घेतली तर आठवड्याला १४० जीबी लागतील. रविवारी संपूर्ण आणि उरलेले सहा दिवस फक्त बदल घेतले, तर सुमारे २०.६ जीबी पुरतील. पण हा लाभ फुकट नाही. बदलांची साखळी असते. बुधवारची कडी खराब निघाली, तर शनिवारची प्रत चांगली असूनही खात्रीने मंगळवारपर्यंतच परत जाता येते. म्हणून ठरावीक काळाने नवी संपूर्ण प्रत घ्यावी आणि जुनी लगेच पुसू नये.

किती प्रती, कोठे?

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ असा एक नियम आहे: एकूण ३ प्रती, २ निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि १ दुसऱ्या जागी. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. एक प्रत निकामी होण्याची शक्यता दहात एक असेल, तर दोन्ही निकामी होण्याची शंभरात एक असे आपण म्हणतो. पण हा गुणाकार दोन्ही घटना स्वतंत्र असतील तरच चालतो. दोन्ही डिस्क एकाच कपाटात असतील, तर चोरी, वीज किंवा पूर दोन्ही एकदमच नेईल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा पुण्यात हेच दिसले. भीमेकाठच्या दौंडला आणि घोडनदीकाठच्या शिरूरला हे वेगळे सांगायला नको. शिरूरच्या शाळेची एक प्रत दौंडच्या भगिनी-शाळेत कुलूपबंद ठेवली आणि दौंडची शिरूरला, तर खर्च फक्त एका डिस्कचा येतो. विद्यार्थ्यांची माहिती खाजगी असते, तेव्हा त्या डिस्कला पासवर्ड हवा, आणि तो मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात हवा.

इंटरनेटवर आपोआप जुळत राहणारा फोल्डर हा बॅकअप नव्हे, हेही लक्षात घ्यावे. येथे पुसले की तेथेही पुसले जाते. तसेच डिस्क सतत जोडून ठेवली, तर मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’सारखा खंडणीखोर विषाणू मूळ फाइलींबरोबर प्रतींनाही कुलूप घालतो. काम झाले की डिस्क काढून ठेवावी.

वर्गात करून पाहा

प्रत मुळाशी जुळते का, हे संगणक कसे ओळखतो? मुलांना ४३७१ ही संख्या द्या आणि कानगोष्टीप्रमाणे रांगेतून पुढे पाठवायला सांगा. सोबत अंकांची बेरीज १५ पाठवा. शेवटी ४३७२ पोहोचले तर बेरीज १६ येते, चूक सापडते. पण ४७३१ पोहोचले तर? बेरीज पुन्हा १५! आता प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाने गुणून बेरीज करा. ४३७१ साठी ४ + ६ + २१ + ४ = ३५, आणि ४७३१ साठी ४ + १४ + ९ + ४ = ३१. अदलाबदल पकडली गेली. या नव्या रीतीलाही फसवणारी चूक असते का, हे मुलांनाच शोधू द्या. संगणक याच कल्पनेची फार काटेकोर रूपे वापरतो.

३१ मार्च हा दिवस २०११ पासून ‘जागतिक बॅकअप दिन’ म्हणून पाळला जातो. आपल्या कार्यालयांत त्याच दिवशी आर्थिक वर्षाचे हिशेब मिटतात. त्या दिवसाच्या कामांच्या यादीत आणखी एक ओळ घालावी: ‘प्रत उतरवून पाहिली, उघडली, वाचली.’