लोड घेऊ नका, लोड मोजा!

सकाळची साडेसहाची वेळ. द्रोणागिरीतला भाड्याचा फ्लॅट, पाच जण, बाथरूम एक आणि नेरुळची लोकल सगळ्यांनाच पकडायचीय. बादलीत पाणी तापवायचा रॉड, ओट्यावर कॉफीसाठी केटल, आणि दोन्हींच्या वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात. तुमची रूम अशी नसेल तर अभिनंदन. असेल, तर तो बोर्ड जरा उलटा करून बघा. (आधी भिंतीवरचं बटण बंद करा, प्लीज!)

मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : ६ए, २४०व्ही. म्हणजे या बोर्डातून जास्तीत जास्त ६ अँपिअर करंट जायला हवा. आपल्या घरात व्होल्टेज २३० धरतात. दोन्हींचा गुणाकार केला की पॉवर मिळते, २३० गुणिले ६ बरोबर १३८० वॉट. ही झाली बोर्डाची ऐपत. आता रॉडवरचा आकडा वाचा. बहुतेक रॉड १५०० वॉटचे असतात. म्हणजे एकट्या रॉडनेच हद्द ओलांडली. त्यात १५०० वॉटची केटल जोडली की झाले ३००० वॉट. भागिले २३०, उत्तर १३ अँपिअर. ऐपतीच्या दुपटीहून जास्त!

‘पण एमसीबी आहे ना, ट्रिप होईल की,’ असं प्रत्येक रूममध्ये कुणीतरी म्हणतंच. नाही होणार. त्या पॉइंटचा एमसीबी १६ अँपिअरचा असेल तर १३ अँपिअरला तो ढिम्म हलत नाही. तो भिंतीतल्या वायरिंगची काळजी घेतो. तुम्ही स्टेशनबाहेरून आणलेल्या स्वस्त बोर्डाचं त्याला काही माहीतच नसतं. चांगल्या स्पाइक गार्डला स्वतःचा फ्यूज किंवा छोटा ब्रेकर असतो, स्वस्तातल्यांना बहुतेक वेळा नसतो.

आता बारावीला आपण पाठ केलेली, पण नीट कळली नसलेली गोष्ट. रेझिस्टन्स जास्त तर उष्णता जास्त की कमी? पुस्तकात दोन्ही सूत्रं होती. व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, आणि करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. एक म्हणतं कमी, दुसरं म्हणतं जास्त. वैताग!

दोन्ही बरोबर आहेत, फक्त जागा वेगळ्या. रॉडला मिळणारं व्होल्टेज ठरलेलं आहे, २३०. १५०० वॉटचा रॉड साधारण साडेसहा अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रेझिस्टन्स २३० भागिले ६.५, सुमारे ३५ ओहम. १००० वॉटच्या इस्त्रीचा निघतो सुमारे ५३. जास्त तापणाऱ्याचा रेझिस्टन्स कमी! इथे पहिलं सूत्र.

पण बोर्डातली सैल पिन बघा. तिच्यातून किती करंट जाणार हे ती ठरवत नाही, ते रॉड आणि केटल ठरवतात. तिच्या नशिबी १३ अँपिअर आलेत, बस्स. इथे दुसरं सूत्र. त्या सैल सांध्याचा रेझिस्टन्स समजा फक्त ०.२ ओहम आहे. १३ चा वर्ग १६९, गुणिले ०.२, म्हणजे जवळपास ३४ वॉट. ऐकायला किरकोळ वाटतं. पण इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधली सोल्डरिंग गन आठवा. ती २५ वॉटची असते आणि धातू वितळवते. इथे तर तेवढी उष्णता शेंगदाण्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या आत कोंडलेली. आणि व्होल्टेज कमी होतं जेमतेम अडीच. केटल उकळतेच आहे, रॉड तापतोच आहे, कुणाला पत्ता लागत नाही. त्यात आपल्याकडे खाडीची खारी हवा. पितळेच्या पिना काळ्या-हिरव्या पडतात, आणि रेझिस्टन्स वाढतो.

वर्गाचा हा हिशेब किती बेक्कार आहे ते बघायचं तर द्रोणागिरी स्टेशनवर मान वर करा. १२ जानेवारी २०२४ ला खारकोपर-उरण मार्ग सुरू झाला, त्याच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्ट आहेत. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर-कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली, तेव्हा तारेत १५०० व्होल्ट होते. समजा गाडीला २० लाख वॉट हवेत. १५०० व्होल्टवर करंट लागेल १३३३ अँपिअर, २५,००० वर फक्त ८०. करंट सतरापट कमी, आणि तारेत वाया जाणारी उष्णता त्याच्या वर्गाने, म्हणजे जवळपास २७८ पट कमी. मुंबईची लोकल २५,००० व्होल्टवर आणण्यामागे हेही एक मोठं कारण.

आपल्याला व्होल्टेज वाढवता येत नाही, करंटच आवरायचा. रॉड, केटल, इस्त्री, गिझर हे थेट भिंतीतल्या मोठ्या तीन पिनांच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर, आणि एका वेळी एकच. बोर्डावर चार्जर, लॅपटॉप, टेबल फॅन खुशाल लावा. (पंख्याला पॉवर फॅक्टर लागतो, त्यामुळे नुसता गुणाकार तंतोतंत जुळत नाही; रूममध्ये इलेक्ट्रिकलवाला असेल तर त्याला पिडा.) बोर्डाची वायर गुंडाळून ठेवून वापरू नका, उष्णता आतच कोंडते. रॉड काढला की बटण बंद करून प्लग हाताला लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला, पिनेभोवती तपकिरी डाग दिसला किंवा जळका वास आला, तर तो बोर्ड भंगारात. टेप लावून पुन्हा वापरायचा नाही. आणि रॉड चालू असताना पाणी तापलं का ते बोट बुडवून बघणारे महाभाग, तुम्हाला वेगळं काय सांगायचं!

रूममध्ये १६ अँपिअरचा पॉइंट नसेल तर घरमालकांशी बोला. नुसतं सॉकेट बदलून चालत नाही, मागची वायरही जाड हवी. लाइटच्या वायरवर मोठं सॉकेट बसवून देणारा इलेक्ट्रिशियन भेटला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मालक खर्च द्यायला तयार नसतील तर पाच जणांत वाटून घ्या आणि भाड्यातून वळते करण्याचं बोलून बघा.