सोन्याच्या खाणीतील न्यूट्रिनो

डोळ्यांना न दिसणाऱ्या आणि सूक्ष्मदर्शकालाही न गवसणाऱ्या वस्तूवर विश्वास का ठेवावा, असा प्रश्न सामान्य माणसाने विचारला तर त्यात अडाणीपणा मुळीच नाही. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन ही नावे शाळकरी मुलांच्याही तोंडी असतात; परंतु हे कण प्रत्यक्ष कोणीच पाहिलेले नाहीत. मग ते आहेत हे कशावरून? याचे उत्तर न्यूट्रिनो नावाच्या कणाच्या शोधात फार स्पष्ट दिसते, आणि त्या शोधाचा एक महत्त्वाचा अध्याय कोलारच्या सोन्याच्या खाणीत घडला.

आरंभ झाला तो एका न जुळणाऱ्या हिशेबापासून. काही किरणोत्सर्गी अणूंच्या गर्भातून इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. अणुगर्भाने गमावलेली ऊर्जा आणि इलेक्ट्रॉनने नेलेली ऊर्जा या दोन रकमा सारख्या यावयास हव्या होत्या. पण इलेक्ट्रॉनच्या पदरी दर वेळी निराळी, आणि बहुधा कमीच, ऊर्जा पडे. पेढीवरचा हिशेब असा जुळेनासा झाला की मुनीमापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर जमाखर्चाचा नियमच खोटा मानावयाचा, नाहीतर वहीत नाव नसलेला कोणी इसम रक्कम घेऊन जात आहे असे धरावयाचे. नील्स बोर यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञ पहिल्या मार्गाकडे झुकला होता. वोल्फगांग पाउली यांनी डिसेंबर १९३० मध्ये दुसरा सुचविला, तोही भीत भीत, एका परिषदेला पाठविलेल्या पत्रातून. स्वतः ते झुरिकच्या एका नृत्यसमारंभासाठी मागे राहिले होते! विद्युत्भार नसलेल्या, जवळजवळ वजनरहित अशा या कणाला पुढे एन्रिको फर्मी यांच्यामुळे ‘न्यूट्रिनो’, म्हणजे ‘लहानगा तटस्थ’, हे इटालियन नाव रूढ झाले.

परंतु हिशेबात घातलेले नाव आणि हाती लागलेला इसम यांत अंतर असते. सूर्यातून निघालेले सुमारे सहा हजार कोटी न्यूट्रिनो पृथ्वीवरील प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला जातात; रात्री तर ते सबंध पृथ्वी भेदून पायांखालून वर येतात. कोणत्याही अणूशी त्यांचे देणेघेणे क्वचितच होते. अमेरिकेत राइन्स आणि कॉवन यांनी १९५६ मध्ये अणुभट्टीतून बाहेर पडणारे या जातीचे कण टिपले. पण ते माणसाने पेटविलेल्या भट्टीतले. निसर्गातून येणारा न्यूट्रिनो टिपावयाचा राहिलाच होता.

अंतराळातून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांत हवेच्या अणूंवर आदळतात, आणि त्या धडकेच्या परिणामी म्यूऑन व न्यूट्रिनो असे दोन्ही कण निर्माण होतात. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा सुमारे दोनशेपट जड असा थोरला भाऊ. तळहात आडवा धरला तर त्यातून दर सेकंदाला एखादा म्यूऑन आरपार जातो. या गर्दीत न्यूट्रिनोची चाहूल लागणे अशक्य. म्हणून गर्दी अडविण्यासाठी डोक्यावर खडकाचे छप्पर घ्यावयाचे. कोलारच्या खाणी जगातील अतिशय खोल खाणींपैकी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथे पायरीपायरीने खाली उतरत म्यूऑन मोजले. अखेर सुमारे पावणेतीन किलोमीटर खोलीवर उपकरण दोन महिने चालले आणि एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. एरव्ही रिकामी नोंदवही पाहून संशोधक खिन्न होतो. येथे मात्र तीच मोठी मिळकत ठरली, कारण इतक्या शांततेत न्यूट्रिनोची चाहूल लागू शकत होती.

पुढे ओसाका आणि डरहॅम येथील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर नवी उपकरणे मांडण्यात आली. विद्युत्भारित कण आरपार गेला की क्षणभर मंद चमकणाऱ्या खास प्लास्टिकच्या उभ्या भिंती, आणि त्यांच्यामध्ये निऑन वायूच्या नळ्या. रात्री शेतातून गेलेले जनावर कोणी पाहिलेले नसते. सकाळी आडवी पडलेली ज्वारी त्याची वाट सांगते. म्यूऑनची वाटही त्या उजळलेल्या नळ्या सांगत. न्यूट्रिनो स्वतः काहीच आडवे करीत नाही. पण भोवतालच्या खडकातील एखाद्या अणुगर्भावर तो आदळलाच, तर तेथून म्यूऑन उसळतो. आता खुबी अशी की, आकाशातून येणारा म्यूऑन एवढ्या खोलवर पोहोचलाच तर जवळजवळ सरळ वरून येईल, कारण तिरप्या वाटेवर त्याला कितीतरी अधिक खडक भेदावा लागतो. तेव्हा आडव्या दिशेने येणारा म्यूऑन हा न्यूट्रिनोनेच उडविलेला असणार.

असे म्यूऑन १९६५ मध्ये कोलारला सापडले. त्याच सुमारास राइन्स यांचा गट दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत हेच काम करीत होता. त्यांची पहिली नोंद फेब्रुवारीतली. पण कोलारचा निबंध ऑगस्टमध्ये त्यांच्या निबंधाच्या दोन आठवडे आधी छापला गेला. मानाचा वाटा दोघांनाही द्यावा हे उचित.

कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद पडल्या. हवेत जन्मणाऱ्या त्याच न्यूट्रिनोंची मोजदाद जपानमधील कामिओका येथे जमिनीखालच्या एका प्रचंड पाण्याच्या टाकीत चालू राहिली. वरून येणाऱ्यांपेक्षा पृथ्वी भेदून खालून येणारे म्यूऑन-जातीचे न्यूट्रिनो कमी भरतात, असे तेथे १९९८ मध्ये सिद्ध झाले. ते वाटेत नाहीसे होत नाहीत, जात पालटतात. आणि जात पालटावयाची तर त्यांना थोडे तरी वस्तुमान असलेच पाहिजे. ते इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या हिश्शाहूनही कमी आहे एवढे ठरले आहे. नेमका आकडा अजून सापडलेला नाही.