महापौर, कैदी, अध्यक्ष

चीनच्या संसदेला रबरी शिक्का म्हणायची जगभर पद्धत आहे. ती खोटी ठरवायला हा लेख नाही. सुमारे तीन हजार प्रतिनिधी वर्षातून एकदा बीजिंगच्या ‘ग्रेट हॉल’मध्ये जमतात, समोर येईल ते मंजूर करतात आणि घरी जातात. शान्सी प्रांतातल्या शेन जिलान या शेतकरी बाई 1954 पासून 2020 मध्ये निधन होईपर्यंत तेराही संसदांच्या सदस्य होत्या आणि आपण कधी विरोधी मत दिलं नाही हे उघड सांगत. पण हा शिक्काही कुणीतरी कोरलाच असणार, आणि कोरणाऱ्याला तो कशासाठी तरी हवा असणार. तो माणूस म्हणजे पेंग झेन, 1983 ते 1988 या काळातले संसदेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष.

पेंगही शान्सीचेच. जन्म 1902 चा, घर गरीब शेतकऱ्याचं, मूळ नाव फू माओगोंग. 1923 मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात आले. 1929 ते 1935 तुरुंगात गेली. जपानविरुद्धच्या युद्धात जिन-चा-जी या डोंगराळ इलाख्यातला पक्षाचा कारभार त्यांच्याकडे होता. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1940 मध्ये पोचले ते याच इलाख्यात, आणि 1942 मध्ये गेलेही तिथंच.

1951 मध्ये पेंग बीजिंगचे महापौर झाले. त्याच वर्षी राजधानीत प्रतिक्रांतिकारकांविरुद्ध जाहीर सभा भरवल्या गेल्या. यांचं काय करायचं, असं व्यासपीठावरून विचारायचं आणि गर्दीनं मृत्युदंड मागायचा, अशी ती रीत. व्यासपीठावर पेंग होते. जुन्या शहराची तटबंदी वाचवू पाहणाऱ्या लियांग सिचेंग या वास्तुतज्ज्ञांना त्यांनी तिआनआनमेनवर उभं करून, इथून चहूकडे धुराडी दिसावीत अशी अध्यक्ष माओंची इच्छा आहे, असं सांगितल्याची आठवण खुद्द लियांग यांनीच नोंदवून ठेवली आहे. ‘ग्रेट हॉल’ही पेंग यांच्याच कारकिर्दीतला, 1959 साली सुमारे दहा महिन्यांत उभा राहिलेला. ते कायद्याचे पुजारी म्हणून जन्माला आले नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मग आला नोव्हेंबर 1965. बीजिंगचे उपमहापौर वू हान हे मिंग काळाचे इतिहासकार. सम्राटाला खडे बोल सुनावणाऱ्या हाय रुई या अधिकाऱ्यावर त्यांनी नाटक लिहिलं होतं. शांघायच्या एका दैनिकात याओ वेनयुआन यांनी त्या नाटकाचे वाभाडे काढले. लेखामागे माओंचा हात होता. बीजिंगच्या वृत्तपत्रांनी हा लेख जवळजवळ तीन आठवडे छापला नाही, कारण महापौरांची तशी इच्छा होती. सत्यापुढे सगळे सारखे, ही पेंग यांची त्या दिवसांतली भूमिका. ती त्यांना भोवली. मे 1966 मध्ये सांस्कृतिक क्रांतीचा बिगूल वाजला आणि पॉलिटब्युरोच्या सदस्यांत पहिल्या बळींमध्ये पेंग होते. डिसेंबरमध्ये लाल रक्षकांनी त्यांना रात्री घरातून उचललं. गळ्यात पाटी, मान खाली, समोर हजारोंची गर्दी. पंधरा वर्षांपूर्वी व्यासपीठावर ते जिथं उभे होते, तिथं आता दुसरे होते. वू हान 1969 मध्ये कैदेतच वारले. पेंग चिनचेंग तुरुंगातून 1975 मध्ये बाहेर आले ते शान्शी या दुसऱ्याच प्रांतातल्या डोंगरात नजरकैदेत राहायला. बीजिंगला परतायला 1978 चा डिसेंबर उजाडला.

फेब्रुवारी 1979 मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांच्या हाती कायदे करणारा नवा आयोग आला. प्रजासत्ताकाला तीस वर्षं होत आली तरी देशाला फौजदारी संहिता नव्हती! पन्नाशीच्या दशकापासून पडून असलेले मसुदे बाहेर काढले गेले आणि 1 जुलैला एका दमात सात कायदे मंजूर झाले: फौजदारी कायदा, फौजदारी प्रक्रिया, न्यायालयं, सरकारी वकिली यंत्रणा, निवडणूक, स्थानिक शासन आणि परकीय भागीदारीतले उद्योग. 4 डिसेंबर 1982 रोजी नवी राज्यघटना आली. बाजूनं 3037, तटस्थ 3. घटनेच्या आणि कायद्याच्या वर कुणी नाही, हे तिच्यात लिहिलं गेलं. राष्ट्राध्यक्षाला सलग दोनच कार्यकाळ, हेही. आधीच्या घटनेतला संपाचा हक्क मात्र गेला.

माझ्या मते पेंग यांचा सगळा पेच या शेवटच्या गोष्टीत आहे. त्यांना कायदा हवा होता तो एका माणसाच्या लहरीपासून पक्ष वाचवण्यासाठी. पक्षापासून नागरिकाला वाचवणं त्यांच्या हिशेबात नव्हतं. पुरावा 1983 चाच. गुन्हेगारीविरुद्ध ‘कठोर प्रहार’ मोहीम निघाली आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्याच स्थायी समितीनं गंभीर गुन्ह्यांतली अपिलाची मुदत दहा दिवसांवरून तीनवर आणली. प्रक्रिया ठरवून दिली त्यांनी, आणि चार वर्षांत तिला कात्री लावली तीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली. मृत्युदंडाच्या खटल्यात हे सात दिवस म्हणजे काय, हे चिनचेंगमध्ये वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायला हवं होतं का?

पण अध्यक्षपदावर बसल्यावर त्यांनी त्या खुर्चीलाही थोडं वजन आणलं. 1986 मध्ये सरकारनं दिवाळखोरी कायदा आणला. तोट्यातले सरकारी कारखाने बुडू द्यायचे, ही कल्पनाच अनेक सदस्यांना पचेना. एरवी गुपचूप होणारा वाद स्थायी समितीत उघड झाला आणि विधेयक लांबणीवर पडलं. शेवटी डिसेंबरमध्ये ते मंजूर झालं, पण अशी पाचर मारून की उद्योगविषयक कायदा अमलात आल्यावर तीन महिन्यांनीच दिवाळखोरी कायदा लागू व्हावा. उद्योगविषयक कायदा संमत झाला एप्रिल 1988 मध्ये. सुधारणावाद्यांनी पेंगना म्हातारा अडवणूकखोर ठरवलं, आणि ते काही अगदीच चूक नव्हतं. तरी संसदेकडे पाठवलेलं विधेयक अडू शकतं, हे चीनमध्ये सगळ्यांनी पाहिलं.

गावसमित्यांच्या बाबतीत हेच पेंग सगळ्यांच्या पुढे होते. सामूहिक शेतीचे कम्यून मोडू लागल्यावर 1980 मध्ये ग्वांगशीतल्या एका गावातल्या लोकांनी आपल्याआपण समिती निवडली, पाणी-रस्ते-चोरीचपाटीचे नियम घातले. पेंग यांनी ती कल्पना घटनेत घातली आणि 1987 मध्ये तिचा कायदा करायला घेतला. अंमलदार वैतागले: गावकरीच समिती निवडणार तर लेव्ही आणि कुटुंबनियोजन आम्ही कुणाच्या गळ्यात मारायचं? पेंग हटले नाहीत. आज गाव चालवायला शिकतील ते उद्या तालुका चालवतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. कायदा झाला, पण प्रायोगिक म्हणून. गावांत निवडणुका आल्या. तालुक्यापर्यंतचा जिना मात्र बांधलाच गेला नाही.

1988 मध्ये ते निवृत्त झाले. पुढच्या वर्षी तिआनआनमेन चौक विद्यार्थ्यांनी भरला, स्थायी समितीच्या काही सदस्यांनी तातडीची बैठक मागितली. पेंग यांनी जो मार्ग घटनेत लिहून ठेवला होता तो हाच. ते स्वतः मात्र पक्षातल्या बुजुर्गांच्या बरोबरीनं सर्वोच्च नेते डेंग शियाओपिंग यांच्या मागे, लष्करी कायद्याच्या बाजूनं उभे राहिले. बैठक काही भरली नाही. 26 एप्रिल 1997 रोजी ते गेले, वय 94.

एका माणसाच्या हाती तहहयात सत्ता राहू नये म्हणून 1982 च्या घटनेत घातलेली राष्ट्राध्यक्षाच्या दोन कार्यकाळांची अट 11 मार्च 2018 रोजी, त्याच ‘ग्रेट हॉल’मध्ये, रीतसर मतदान घेऊन काढून टाकली गेली. बाजूनं 2958, विरोधात 2, तटस्थ 3, आणि एक मत बाद.