चप्पल, टायर आणि एक अंश

हॉस्टेलच्या कुठल्याही रूमबाहेरच्या चपला एकदा उलट्या करून बघा. कुणाची टाच बाहेरून झिजलेली, कुणाची आतून. माणूस कसा चालतो ते चप्पल बरोबर सांगते. गाडीच्या टायरचंही तसंच. पण हे मला पुस्तकातून नाही, टायरची नवीकोरी जोडी वाया घालवून कळलं. (कॉन्व्हेंटवाली आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या!)

आमच्या फॉर्म्युला स्टुडंट टीमची गाडी म्हणजे एका सीटची छोटी रेस कार. अशा गाडीचा ग्रिप शेवटी चार टायरच्या तळहाताएवढ्या चार ठिपक्यांवर अवलंबून असतो. ते ठिपके जमिनीला कसे टेकणार, हे अलाइनमेंटचे कोन ठरवतात.

पहिला कोन कॅम्बर. समोरून बघा, चाकाची वरची बाजू आत झुकली असेल तर निगेटिव्ह कॅम्बर. वळणावर गाडी बाहेर कलते, तिच्याबरोबर चाकही कलतं आणि टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. चाक आधीच थोडं आत झुकवून ठेवलं, तर ऐन वळणात टायर सपाट बसतो आणि ग्रिप वाढतो. पण फुकट काहीच मिळत नाही. सरळ रस्त्यावर आतली कड जास्त घासते आणि ब्रेक मारताना टायर पूर्ण टेकत नाही.

दुसरा कोन टो. आपल्या पायांकडे बघा. चवडे आत वळवले की टो-इन, बाहेर फाकवले की टो-आउट. रेस कारला पुढे किंचित टो-आउट दिला तर ती वळणात चटकन शिरते. मागे किंचित टो-इन दिला तर मागची बाजू स्थिर राहते. टोचं महत्त्व किती? २०२० साली फॉर्म्युला वनमध्ये मर्सिडीजने अशी सिस्टीम आणली, की ड्रायव्हरने स्टिअरिंग पुढे-मागे सरकवलं की धावत्या गाडीचा पुढचा टो बदलायचा. २०२१ पासून नियमाने ती बंदच केली!

तिसरा कॅस्टर. याच्यामुळे स्टिअरिंग वळवल्यावरच बाहेरच्या चाकाला जास्तीचा निगेटिव्ह कॅम्बर मिळतो. म्हणून नुसता कॅम्बर वाढवत बसण्यापेक्षा थोडा कॅस्टर वाढवणं टायरला स्वस्त पडतं. मात्र स्टिअरिंग जड होतं.

आता माझा पराक्रम. फॉर्म्युला भारतसाठी कोइंबतूरला निघायला तीन आठवडे होते. वळणात पुढचा ग्रिप कमी पडत होता, म्हणून मी पुढच्या चाकांचे शिम बदलून कॅम्बर उणे १ वरून उणे २.५ अंश केला. सीनियरने विचारलं, "टो चेक केलास ना?" मी म्हटलं, "टोला हातच लावला नाही!" आणि नेमकं तिथेच चुकलं. चाकाची वरची बाजू आत गेली, पण टाय रॉडची लांबी तीच राहिली. आमचा टाय रॉड ॲक्सलच्या पुढे आहे, त्यामुळे त्याने चाकाचा पुढचा भाग बाहेर ढकलला. एका संध्याकाळच्या टेस्टिंगमध्ये दोन्ही पुढच्या टायरची आतली कड सोलून निघाली. मोजलं तर प्रत्येक चाकाचा टो १ अंशाने बिघडलेला.

१ अंश म्हणजे किती? रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम ६ मिलीमीटरचा फरक, नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. पण साइन १ अंश म्हणजे ०.०१७५. म्हणजे दर किलोमीटरला टायर साडेसतरा मीटर आडवा घासटला जातो! शिवाय कॅम्बरमुळे भार होता आतल्या कडेवर, म्हणून तीच गेली. आम्ही मागच्या वर्षीच्या टायरवर स्पर्धेला गेलो. मला कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

आता आमचा क्रम ठरलेला आहे. सपाट फरशी, टायरमध्ये बरोबर हवा, सीटवर ड्रायव्हरच्या वजनाची पोती. मग कॅस्टर, मग कॅम्बर आणि टो सगळ्यात शेवटी. कॅम्बरला हात लावला की टो पुन्हा मोजायचाच. साधनंही साधी: गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर ताणलेली दोरी, स्टीलची पट्टी आणि सिव्हिलवाल्यांकडून आणलेला ओळंबा. गाडी ट्रॅकवरून आली की लगेच टायरचं तापमान आत, मध्ये आणि बाहेर असं तीन ठिकाणी घ्यायचं. आतली कड थोडी जास्त गरम असेल तर चालेल, खूपच जास्त असेल तर कॅम्बर कमी करायचा.

आणि सर लोकांसाठी: तुमच्या रोजच्या गाडीला रेसचे कोन नकोत, कंपनीचेच ठेवा. फक्त महिन्यातून एकदा टायरवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो बिघडलाय असं समजा. पार्किंगमधल्या एका गाडीला तसं लागलंय. कुणाची ते छापत नाही, माझी टर्मवर्कची सही बाकी आहे.