मोजक्याच पदार्थांचे अर्थशास्त्र

दुपारी एकच्या सुमारास कचेऱ्यांच्या वस्तीतील एखाद्या खानावळीत डोकावले तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. जिथे फळ्यावर 'राइसप्लेट' एवढेच लिहिलेले असते, तिथे कारकून मंडळी पंधरा-वीस मिनिटांत जेवून, हात धुऊन बाहेर पडतात. शेजारच्या उपाहारगृहात चार पानी मेनूकार्ड असते. पण मागविलेला जिन्नस टेबलावर येईपर्यंत जेवणाची सुट्टी सरत आलेली असते. पहिल्या ठिकाणी निवडीला जवळजवळ वाव नाही, तरीही गर्दी तिथेच अधिक!

अर्थशास्त्राचे प्राथमिक पुस्तक सांगते की, पर्याय वाढले म्हणजे ग्राहकाचे समाधान वाढते, निदान घटत तरी नाही. हे विधान चूक नाही. मात्र पर्याय फुकट मिळतात, हे त्यात गृहीत धरलेले असते. कापडदुकानदार शंभर तऱ्हेचे कापड फळीवर रचून ठेवू शकतो. आज न खपलेले उद्या खपेल. सेवा अशी साठविता येत नाही. ती बहुधा ग्राहक समोर असतानाच निर्माण करावी लागते. प्रत्येक नव्या पर्यायासाठी वेगळी तयारी आणि वेगळे हात लागतात, आणि चुकण्याचा संभवही वाढतो. एकाच्या खास फर्माइशीची किंमत त्याच्यामागे ताटकळणारे सारे जण वेळेच्या रूपाने मोजतात. बिलात ती कुठेच दिसत नाही.

कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे रिचर्ड आणि मॉरिस मॅक्डोनाल्ड या बंधूंनी 1948 साली हा हिशेब मांडला. त्यांचे उपाहारगृह उत्तम चालले होते. तरी विक्रीचा मोठा भाग एकट्या हॅम्बर्गरचा आहे, हे त्यांच्या लक्षात आले. धंदा काही महिने बंद ठेवून त्यांनी पंचवीसएक पदार्थांची यादी 9 वर आणली. ताटल्या गेल्या, काटेचमचे गेले, मोटारीपाशी जाऊन वाढणाऱ्या मुलींची नोकरीही गेली. हॅम्बर्गरमध्ये कांदा किती, मोहरीची चटणी किती, हेसुद्धा ठरून गेले. किंमत उरली 15 सेंट. ग्राहक प्रथम रुसले, पण पुढे रांगा लागल्या.

इथवरची कथा नफ्याची. तिचा पुढला धागा मात्र मदुराईला पोचतो. सरकारी सेवेतून निवृत्त झालेले नेत्रशल्यविशारद डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 1976 मध्ये 11 खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले. हॅम्बर्गरच्या शाखांतून दिसणारी शिस्त मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत का आणू नये, हा त्यांचा प्रश्न होता. कामाचा क्रम ठरलेला, परिचारिका नेमक्या कामात तरबेज. एका टेबलावरचे काम संपताच शल्यविशारद शेजारच्या टेबलाकडे वळतो, तिथला रुग्ण तयारच असतो. प्रत्येक शस्त्रक्रियेमागचा खर्च त्यामुळे इतका उतरला की, पैसे देणाऱ्यांच्या शुल्कातून ऐपत नसलेल्यांचेही डोळे वाचू लागले. कामात विविधता ठेवली असती, तर ती अशा अनेकांच्या दृष्टीच्या मोलाने ठेवावी लागली असती.

फार पर्यायांनी ग्राहक गोंधळतो, असेही एक कारण सांगितले जाते. 2000 साली प्रसिद्ध झालेला जॅमचा अमेरिकी प्रयोग त्यासाठी नेहमी पुढे केला जातो: 24 प्रकार मांडले तेव्हा थबकणाऱ्यांपैकी 3 टक्क्यांनी खरेदी केली, 6 मांडले तेव्हा 30 टक्क्यांनी. परंतु 2010 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र ताळा घेतला तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. तेव्हा ग्राहकाच्या मनापेक्षा मुदपाकखान्याकडे पाहणे अधिक सुरक्षित.

एक अट मात्र विसरता येत नाही. मधुमेहामुळे ज्याला भात वर्ज्य आहे, तो राइसप्लेट नाकारून शेजारी जाऊ शकतो. त्याच्या गैरसोयीला दुसरे दार आहे. गावात एकच बँक, एकच दवाखाना असला, आणि तिथल्या व्यवस्थापकाने 'इथे एवढेच मिळेल' अशी पाटी लावली, तर काटकसर त्याची होते, परतीच्या एस. टी.चे भाडे मात्र ग्राहकाला भरावे लागते.