माकडांची टोळी आणि रँडम नंबर

सिम्युलेशन म्हटलं की आपल्याला सर्किट नाहीतर बीम आठवतो. पण माकडांच्या टोळीचंही सिम्युलेशन करतात, हे वाचून मी चाटच पडलो! डच शास्त्रज्ञ शार्लोट हेमेलरैक यांचं 'डॉमवर्ल्ड' हे त्यातलं गाजलेलं मॉडेल. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला.

प्रश्न असा, की बऱ्याच टोळ्यांत दादा माकडं मधोमध आणि दुबळी कडेला का दिसतात? नेहमीचं उत्तर म्हणजे मध्यभागी शिकारी प्राण्यांचा धोका कमी, म्हणून दादा लोक ती जागा बळकावतात.

डॉमवर्ल्डमध्ये मात्र शिकारी नाहीत आणि 'मधे जा' अशी सूचनाही नाही. प्रत्येक एजंटला, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या माकडाला, दोनच सवयी. सोबती लांब गेले की त्यांच्याकडे सरकायचं आणि कोणी फार जवळ आलं की भांडायचं.

भांडणाचा निकाल कसा लागतो? समजा एकाचं बळ ८ आणि दुसऱ्याचं २. पहिला जिंकण्याची शक्यता ८/१०, म्हणजे ०.८. निकाल रँडम नंबर ठरवतो. जिंकणाऱ्याचं बळ वाढतं, हरणाऱ्याचं तेवढंच घटतं आणि तो पळतो. ८ वाला जिंकला तर फरक थोडाच. २ वाला जिंकला तर चौपट!

सुरुवातीला सगळे सारखेच. पण योगायोगाने दोन-चार भांडणं जिंकलेल्याची पुढे जिंकायची शक्यता वाढते, आणि उतरंड तयार होते. सारखे हरणारे पळून पळून कडेला जातात. मधे उरतात दादा! भांडणाची तीव्रता वाढवली की उतरंड कडक होते, कमी केली की समाज बराच समतेचा. खऱ्या जगातही उत्तर भारतातल्या ऱ्हीसस माकडांत कडक उतरंड दिसते, तर इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या टोंकियन माकडांत बरीच मोकळीक.

आता यावरून माकडं मठ्ठ ठरत नाहीत हं! अशी रचना कोणाच्या हेतूशिवायही घडू शकते, एवढंच मॉडेल सांगतं. खरी माकडं मधे जायला धडपडतात का, हे जंगलात जाऊनच बघावं लागतं. पण काय बघायचं, ते आता नेमकं कळलंय.

मला वाटतं, आपल्यासाठीही यात एक धडा आहे. आऊटपुटमध्ये दिसणारी प्रत्येक गोष्ट कोणीतरी कोडमध्ये लिहिलेली असतेच असं नाही. पटत नसेल तर एखाद्या रविवारी हॉस्टेलवर स्वतःच प्रोग्रॅम लिहून बघा!