फुकटच्या गेमचे पैसे कोण भरतं?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज आपण मोबाईलवरच्या गेमबद्दल बोलणार आहोत. काही जणी म्हणतील, हा पोरांचा विषय, आमचा काय संबंध? संबंध असा, की बँकेचं खातं ज्या फोनला जोडलेलं असतं, तोच फोन संध्याकाळी पोराच्या हातात असतो.

आपल्या भागात त्याला आणखी एक कारण आहे. दिवस मावळला की बिबट्याच्या भीतीने आपण पोरांना अंगणात सोडत नाही. ऊस जवळ असेल तर ओट्यावरसुद्धा बसू देत नाही. दार लावल्यावर लेकराने करायचं काय? ते फोन मागतं. आपण भाकरी थापत असतो, देऊन टाकतो. "फुकटचाच गेम आहे, खेळू दे," असं म्हणतो. आज या "फुकट" शब्दाचा हिशोब मांडूया.

खेळ काही आजचे नाहीत

खेळाला वाईट म्हणायचं कारण नाही. आपल्या आळे गावात ज्ञानेश्वर माऊलींच्या रेड्याची समाधी आहे. त्याच माऊलींच्या नावाने परंपरेत एक खेळ सांगितला जातो, मोक्षपट. कवड्या टाकायच्या, सद्गुणाच्या शिडीने वर चढायचं, दुर्गुणाच्या सापाने खाली यायचं आणि शेवटी मोक्षाला पोचायचं. आजची सापशिडी त्याच घराण्यातली. आपल्या पचिशीवरून इंग्रजांनी १८९६ साली लुडो केला. आणि तोच लुडो नवी मुंबईतल्या एका कंपनीने २०१६ मध्ये "लुडो किंग" म्हणून मोबाईलवर आणला. लॉकडाऊनमध्ये घरोघरी खेळला गेला तो हाच.

म्हणजे खेळ जुनाच आहे. बदलत गेली ती खेळणाऱ्याकडून पैसे घेण्याची रीत. ती रीत कळली की गेमचा सगळा इतिहास कळतो आणि आपल्या खात्याची राखणही करता येते.

पहिली रीत: नाणं टाका, खेळा

१९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीने "पाँग" नावाचा गेम काढला. पडद्यावर दोन फळ्या आणि एक चेंडू, बास. हे यंत्र एका दारूच्या गुत्त्यात ठेवलं होतं. थोड्याच दिवसांत ते बंद पडलं म्हणून माणूस दुरुस्तीला गेला, तर नाण्यांची पेटी भरून नाणी अडकली होती, असं सांगतात. पुढे १९८० मध्ये जपानमध्ये "पॅकमॅन" आला, गोल तोंडाने ठिपके खात जाणारा. गेमच्या दुकानात फक्त पुरुष येतात, बायकांनाही यावंसं वाटावं, असा विचार करून तो गेम बनवला, असं तो बनवणाऱ्या तोरू इवातानी यांनीच सांगितलं आहे. तेव्हा गेम हे बाप्यांचंच काम, असं कुणी म्हणालं तर त्यांना हे सांगा.

आपल्याकडेही शहरांत, तालुक्याच्या गावी व्हिडिओ गेमची दुकानं आली. नाणं टाकलं की खेळ सुरू, हरलं की खेळ संपला. या रीतीत एक बरं होतं. खिशातली नाणी संपली की पोरगं घरी यायचं.

दुसरी रीत: एकदा विकत घ्या

१९८३ मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीने टीव्हीला जोडायचं यंत्र आणलं आणि १९८५ मध्ये त्यावर मिशीवाला मारिओ आला. १९९० नंतर तसलीच स्वस्त यंत्रं आपल्या बाजारातही मिळू लागली. पिवळ्या कॅसेट, दोन रिमोट, मारिओ आणि काँट्रा. तुमच्यातल्या काही जणींच्या भावांनी सुट्टीत हे खेळलं असेल. कॅसेट एकदा घेतली की पुन्हा पैसे मागणारं कुणी नव्हतं. नोकियाच्या साध्या फोनवरचा साप तर फोनबरोबरच यायचा.

तिसरी रीत: फुकट घ्या, मग देत राहा

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं आणि खेळ गावागावांत पोचला. कंपनी आता म्हणते, गेम फुकट घ्या. मग तिच्या माणसांचे पगार कुठून होतात? तीन वाटांनी.

पहिली वाट जाहिरातीची. खेळणाऱ्याला मध्येच जाहिरात दाखवतात आणि जाहिरातदार कंपनीला पैसे देतो. यात आपला वेळ जातो, इंटरनेट जातं.

दुसरी वाट गेमच्या आतल्या दुकानाची. "कँडी क्रश" घ्या. त्यात पाच जीव मिळतात. संपले की अर्ध्या तासाने एक जीव परत येतो. थांबायचं नसेल तर पैसे भरा. खेळ ऐन रंगात असतानाच तो थांबवायचा, ही त्यातली मेख. बंदुकांच्या गेममध्ये पोरांना नवा पोशाख, नवी बंदूक हवी असते. पोशाखाने निशाणा सुधारत नाही, पण चार मित्रांत मान मिळतो. सणाला नवं लुगडं हवंसं वाटतं, तसंच ते. त्याची किंमत रुपयांत न दाखवता डायमंडमध्ये किंवा नाण्यांत दाखवतात. आधी रुपये देऊन डायमंड घ्यायचे, मग डायमंड देऊन पोशाख. मध्ये डायमंड आला की रुपये गेल्याचं पोराला जाणवतच नाही.

याच दुकानात नशिबाची पेटी असते. पैसे भरून पेटी उघडायची, आत काय निघेल ते आधी कळत नाही. हे सोडतीच्या तिकिटासारखंच झालं. बेल्जियमने २०१८ मध्ये विकतच्या अशा पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं.

बहुतेक खेळणारे एक रुपयाही देत नाहीत. थोडे जण पुष्कळ देतात आणि कंपनीचा गाडा त्या थोड्यांवर चालतो. आपलं पोरगं त्या थोड्यांत आहे का, एवढंच आपल्याला बघायचं आहे.

तिसरी वाट सरळ पैशांच्या डावाची

रमी, पत्ते, क्रिकेटची टीम लावणं. इथे गेम आणि जुगार यांतली रेघ पुसली जाते. आपली भिशी आठवा. दहा जणी शंभर-शंभर रुपये टाकतात आणि ज्याचे त्याला, पाळीपाळीने, पूर्ण परत मिळतात. आता समजा, शंभर जणांनी पन्नास-पन्नास रुपये एका ॲपवर लावले. जमले पाच हजार. त्यातला काही वाटा कंपनी आधीच काढून घेते, उरलेले थोड्या जणांना मिळतात. म्हणजे शंभर जण मिळून दर खेपेला कमीच होतात. कितीही हुशारीने खेळा, ही वजाबाकी चुकत नाही.

तरी माणूस का लावतो? कारण जिंकलेल्याची बातमी होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये, एका पोलीस उपनिरीक्षकाला ड्रीम इलेव्हनवर दीड कोटी रुपये लागले. राज्यभर चर्चा झाली. पुढे खात्याने त्यांना निलंबित केलं, पण लोकांच्या लक्षात राहिले ते दीड कोटीच. ज्यांचे कांद्याच्या पट्टीचे पैसे असेच गेले, त्यांचा फोटो कुणी छापला नाही.

कायदा काय म्हणतो

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. पैशांच्या ऑनलाइन खेळांमुळे ४५ कोटी लोकांना झळ बसते आणि २० हजार कोटींहून जास्त रुपये बुडतात, असा अंदाज सरकारने तेव्हा सांगितला. कायद्याने खेळांचे तीन भाग केले. स्पर्धेचे ई-स्पोर्ट्स चालतील. करमणुकीचे आणि शिकण्याचे गेम चालतील. पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ चालणार नाहीत, मग ते नशिबाचे असोत की हुशारीचे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं, पण ड्रीम इलेव्हनने लगेच पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारतीय क्रिकेट संघाच्या अंगावरचं तिचं नावही गेलं.

यातली एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्यामुळे घरातलं कुणी फसलं असेल तर तक्रार करायला भिऊ नका. लपवलं की कर्ज वाढतं. आणि मोठी ॲप बंद झाली म्हणून निर्धास्तही राहू नका. ओळखीतून लिंक येते, "हे ॲप टाक, पैसे दुप्पट होतील." ते ॲप कुणाचं, कुठलं, काही पत्ता नसतो.

नाद लागला असं कधी म्हणायचं?

तासभर खेळणाऱ्या प्रत्येक पोराला नादी म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमच्या नादाला आजारांच्या यादीत घातलं, त्याच्या खुणा ठरवून दिल्या आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही. जेवण, झोप, शाळा, मित्र यांच्याआधी गेम येतो. नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही. आणि हे साधारण वर्षभर चालू असतं. असं दिसलं तर मार देऊन सुटत नाही. ग्रामीण रुग्णालयात दाखवा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

याच खेळात कामही आहे

पोरगं गेममध्ये रमतं, तर गेम बनतो कसा हेही त्याला विचारायला लावा. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२० मध्ये "राजी" नावाचा गेम काढला. त्यातली नायिका एक मुलगी आहे. रक्षाबंधनाच्या दिवशी राक्षस तिच्या धाकट्या भावाला पळवतात आणि ती एकटी त्याला सोडवायला निघते. कंपनी सुरू करणाऱ्यांत एक बाई आहेत, चित्रकार श्रुती घोष. या गेमचं नाव परदेशातल्या मोठ्या पुरस्कारांच्या यादीत गेलं होतं. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये "इंडस" आणला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन आणि गेमिंगच्या उद्योगासाठी धोरण मंजूर केलं. या कामाला चित्र काढणारा लागतो, गोष्ट लिहिणारा, गणित येणारा, आवाज देणारा लागतो. दिवसभर गेम खेळल्याने यातलं काही येत नाही, ते शिकावं लागतं. पण लेकीचा हात चित्राला चांगला असेल तर ही वाटही आहे, एवढं तिला माहीत असू द्या.

आता करायचं काय?

सगळ्यात आधी पिन. आपल्याकडे पुष्कळ घरांत खातं आईचं, नंबर आईचा आणि पिन मात्र पोराला पाठ असतो. "मला ते जमत नाही, तूच कर," असं आपणच म्हणतो. टोमॅटोची पट्टी, गटाच्या कर्जाची रक्कम, लाडक्या बहिणीचे पैसे, सगळं त्याच खात्यात. तेव्हा पिन आजच बदला आणि स्वतः टाकायला शिका. चार अंकी किंवा सहा अंकी आकडा, गॅसच्या नंबरापेक्षा अवघड नाही. पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हेही पाठ करा. यूपीआय लाइट सुरू असेल तर छोट्या रकमा पिनशिवाय जातात. पोराच्या हाती फोन देत असाल तर ते बंद करा. ऑटोपे चालू आहे का तेही बघा, नाहीतर दर महिन्याला पैसे आपोआप कापले जातात.

दुसरं, प्ले स्टोअर. वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवा, पैसे आणि सदस्यत्वाचा भाग उघडा. आजपर्यंत काय काय विकत घेतलं त्याची यादी तिथे असते. सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारायला सांगा. पोराने नकळत खरेदी केली असेल तर तिथूनच परतावा मागता येतो. पहिल्या ४८ तासांत मागितला तर मिळण्याची शक्यता जास्त.

तिसरं, फसवणूक झाली तर वेळ घालवू नका. १९३० या नंबरवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवणं सोपं.

चौथं, वेळ ठरवा आणि तो सगळ्यांना सारखा ठेवा. जेवताना फोन बंद, तर बापाचाही बंद. आणि दार लावल्यावरचा तास रिकामा ठेवू नका. पट मांडा, पत्ते काढा, सागरगोटे काढा, आपणही बसा. बिबट्या दाराबाहेर आहे म्हणून घरातला खेळ थांबायला नको.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की प्रत्येकीने आपला फोन बाहेर काढावा. ज्या मुलीला येतं तिने बाकीच्यांना खरेदीची यादी उघडून दाखवावी आणि तिथेच पिन बदलून घ्यावा. कुणाच्या यादीत काही निघालं तर तिला हसू नका, बोल लावू नका. गटाच्या वहीत जशी आपण पै-पैची नोंद ठेवतो, तशी या फोनमधल्या पैशाचीही ठेवायची आहे. काय काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा.